कॉमिकमधला खलनायक पडद्यावर अँटीहिरो होतो तेव्हा: दगडापेक्षा वीट मऊ, एवढ्यावर भागतं का?

शाईचा_डाग

(आधीच सांगून ठेवतो, खाली बऱ्याच चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत.)

'क्रेव्हन द हंटर' हा स्पायडरमॅनच्या एका शत्रूवरचा चित्रपट परवा दुसऱ्यांदा पाहिला. २०२४ मध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा काहीतरी खटकलं होतं, पण नेमकं बोट ठेवता येत नव्हतं. म्हणून या वेळी आधी 'क्रेव्हन्स लास्ट हंट' पुन्हा वाचून काढलं. १९८७ ची ही सहा भागांची कथा जे. एम. डिमॅटिसने लिहिली आणि माइक झेकने चितारली. मग चित्रपट लावला. तासाभरात कळलं काय हरवलंय ते.

कॉमिकमधला क्रेव्हन स्पायडरमॅनला बंदुकीने पाडतो आणि जमिनीत पुरतो. मग त्याचाच पोशाख अंगावर चढवून शहरात हिंडतो, गुंडांना निर्दयपणे तुडवतो. स्पायडरमॅनपेक्षा मी सरस स्पायडरमॅन आहे, हे त्याला स्वतःला पटवून द्यायचं असतं. आणि इकडे पीटरचं, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनचं, नुकतंच लग्न झालंय. मेरी जेन घरात वाट बघतेय. एक रात्र जाते, दुसरी जाते, तो येत नाही. मला त्या कथेत खरी भीती वाटते ती थडग्याची नाही, त्या वाट बघण्याची. क्रेव्हन हा आईच्या आठवणींनी आतून पोखरलेला, गेलेल्या खानदानी मोठेपणाला चिकटून बसलेला माणूस आहे, हे कथा आपल्याला दाखवते आणि आपल्याला त्याची कणव येते. पण कणव येत असतानाही मेरी जेन डोळ्यांपुढून हलत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी छातीवर बसतात.

चित्रपटातला क्रेव्हन कोणाची शिकार करतो? तस्करांची, गुंडांची, चोरट्या शिकाऱ्यांची. १९६४ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी ज्याला जन्म दिला त्याची सगळी ओळखच मोठी जनावरं मारणारा शिकारी अशी होती. तो इथे जनावरांचा कैवारी झालाय. त्याच्या हातून मरणारा प्रत्येक जण मरायच्याच लायकीचा असतो. वर बाप त्याच्याहून वाईट, आणि ऱ्हायनो हा दुसरा खलनायक बापाहून वाईट.

मग जाणवलं की ही पाककृती गेली काही वर्षं सारखी वापरली जातेय. आधी नायकाला कथेतून काढून टाकायचं. मग खलनायकाचा गुन्हा काढून टाकायचा, किंवा असा पातळ करायचा की कोणाला टोचू नये. आणि शेवटी त्याच्यासमोर आणखी वाईट माणूस उभा करायचा, म्हणजे आपसूक हा बरा दिसतो. दगडापेक्षा वीट मऊ. पण वीट मऊ ठरली म्हणून ती उशाला घेता येत नाही ना!

माझं म्हणणं एवढंच आहे की खलनायकाचा अँटीहिरो (दोषांसकट आपण ज्याच्या बाजूने होतो असा नायक) करायचा तर त्याच्या गुन्ह्याला चेहरा हवा. ज्याचं वाटोळं झालं तो माणूस पडद्यावर दिसला पाहिजे आणि पुढेही दिसत राहिला पाहिजे. खलनायकाचं दुःख कितीही खोल दाखवा, माझी हरकत नाही, उलट ते हवंच. पण त्या दुःखाची किंमत कोणी मोजली ते झाकलंत तर दुःखही पोकळ वाटायला लागतं.

उदाहरण देतो. 'जोकर' (२०१९). आर्थर, म्हणजे पुढे जोकर होणारा माणूस, त्याच्या घरी त्याचे दोन जुने सहकारी येतात, रँडल आणि गॅरी. आर्थर गॅरीच्या डोळ्यांसमोर रँडलचा कात्रीने जीव घेतो आणि मग गॅरीला म्हणतो, तू जा. गॅरी भिंतीला घासत दारापर्यंत जातो. पण त्याची उंची कमी, दाराची साखळी वर. हात पुरत नाही. ज्याने आत्ता खून केला त्यालाच त्याला विनवावं लागतं, की दार उघडून देतोस का? चित्रपटगृहात त्या क्षणी हसू फुटलं. मीही हसलो आणि पुढच्याच क्षणी घशात आवंढा आला. आर्थर येतो, साखळी काढतो, त्याच्या डोक्यावर ओठ टेकतो. हा माणूस कधीकाळी चांगला असेल, हा राक्षस झालाय, आणि हा थरथरणारा गॅरी आता आयुष्यभर हे घेऊन जगणार, या तीन गोष्टी त्या एका साखळीत आहेत. असं दृश्य क्रेव्हनमध्ये एक तरी आहे का?

तुमची मतं सांगा. विशेषतः ज्यांना हे पटत नाही त्यांची.

तिसरी_रांग

साखळीचा प्रसंग! अगदी हेच माझ्या डोक्यात होतं. वाचनखूण साठवली आहे, सविस्तर नंतर लिहिते.

काळा_पोशाख

शाईचा_डाग, लेख मनापासून लिहिलाय हे दिसतंय, पण 'व्हेनम' तुम्ही सोयीने बाजूला ठेवलात. २०१८ चा 'व्हेनम' तुमच्या पाककृतीत चपखल बसतो. स्पायडरमॅन नाही, छातीवर कोळ्याचं चिन्ह नाही, समोर रायट नावाचा त्याच्याहून क्रूर जीव. तरी जगभर ८५ कोटी डॉलरच्या वर कमावले आणि पुढे दोन भाग निघाले. लोकांना आवडला, मलाही आवडला. का आवडला ते सांगतो.

आधी इतिहास. व्हेनमला सौम्य करण्याचं काम चित्रपटवाल्यांनी केलेलं नाही, कॉमिकवाल्यांनीच केलं. स्पायडरमॅनचा काळा पोशाख, जो खरं तर परग्रहावरचा जिवंत जीव आहे, १९८४ मध्ये आला. तो पोशाख आणि एडी ब्रॉक हा बदनाम पत्रकार यांची जोडी होऊन पुरता व्हेनम अवतरला तो मे १९८८ च्या 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या ३०० व्या अंकात. लेखक डेव्हिड मिशेलिनी, चित्रं टॉड मॅकफार्लेनची. वाचकांनी तो असा काही डोक्यावर घेतला की १९९३ मध्ये त्याला 'लीथल प्रोटेक्टर' ही स्वतःची सहा अंकांची मालिका मिळाली. स्पायडरमॅनशी समेट करून तो सॅन फ्रान्सिस्कोला जातो आणि तिथल्या निराधारांचा रखवालदार होतो. चित्रपट त्याच शहरात घडतो, लाइफ फाउंडेशन ही खलनायकी संस्थाही तिथूनच घेतलीय. तेव्हा मुळाशी बेइमानी केली असं म्हणता येणार नाही. कोणतं मूळ, हा प्रश्न आहे.

आणि चित्रपट चालतो तो अपराधावर नाहीच. तो चालतो दोघांच्या बोलण्यावर. एडीचा आवाज टॉम हार्डीचा आणि व्हेनमचाही त्याचाच. एक हरलेला माणूस आणि त्याच्या अंगात घुसलेला भुकेला जीव यांचा संसार आहे तो. उपाहारगृहात एडी तापाने फणफणलेला, घामाने डबडबलेला, लोकांच्या ताटातलं ओरबाडतोय आणि शेवटी जिवंत शेवंड्यांच्या पाण्याच्या टाकीत जाऊन बसतो. ते दृश्य पाहताना कोणाला स्पायडरमॅनची आठवण येते? मला नाही आली.

शाईचा_डाग

@काळा_पोशाख, 'लीथल प्रोटेक्टर'चा मुद्दा एकदम मान्य. आणि टाकीचं दृश्य मलाही आवडतं.

पण ३०० वा अंक पुन्हा उघडून बघा. मेरी जेन थरकापलेली आहे, कारण व्हेनम तिच्या घरात अंधारात तिची वाट बघत होता. ती पीटरला सांगते की तो काळा पोशाख आता तुझ्या अंगावर मला बघवत नाही. आणि अंक संपताना पीटर लाल-निळ्या पोशाखात परत येतो. म्हणजे एका माणसाच्या भीतीमुळे नायकाचे कपडे बदलले. व्हेनमची ताकद दात आणि जिभेत नव्हती (लांब जीभ तर पुढे एरिक लार्सनने काढायला सुरुवात केली), ती या भीतीत होती. चित्रपटाने मजा दिली, हे खरं. पण भीती दिली नाही. मला दोन्ही हवं होतं.

काळा_पोशाख

दोन्ही हवं हे मान्य. ते मिळालं असतं तर मीही खूश झालो असतो. तरीही मजा कमी दर्जाची, हे मला मान्य नाही.

कोरा_कागद

मी पटकथा लिहितो. आतल्या बाजूने थोडं सांगतो.

एका कथेत माझा मुख्य माणूस सावकार होता, निष्ठुर. पहिलं वाचन झालं आणि निर्मात्याने सांगितलं, "याला सुरुवातीलाच एखादं मुकं जनावर वाचवू दे, म्हणजे लोक याच्या बाजूने येतील." मी लिहिलं. दुसऱ्या वाचनात सांगितलं, त्याने ज्या कुटुंबाला घराबाहेर काढलं त्यांचा प्रसंग छोटा कर. तोही केला. तिसऱ्या वाचनात तो प्रसंग एका संवादावर आला: "त्यांचं फार वाईट झालं रे." एक वाक्य! त्या दिवशी घरी आलो तेव्हा माझ्याच हस्तलिखितात तो सावकार मला सापडेना. ते काम मी सोडलं नाही, सोडायला हवं होतं असं आजही वाटतं.

म्हणून सांगतो, हे कोणी दुष्टपणे करत नाही. प्रत्येक सूचना सुटी सुटी शहाणपणाचीच वाटते. मुख्य नट मोठा असला तर त्याच्या प्रतिमेची काळजी असते. पैसा मोठा असला तर कोणीच दुखावायला नको असतं. 'जोकर' तुलनेने कमी खर्चात झाला, म्हणून दिग्दर्शक टॉड फिलिप्सला साखळीचा प्रसंग ठेवता आला असं मला वाटतं. १०० कोटी डॉलरच्या वर कमाई, व्हेनिसचा गोल्डन लायन, ११ ऑस्कर नामांकनं, त्यातून वाकीन फीनिक्सला अभिनयाचं आणि हिल्डर गुडनाडोटिरला संगीताचं पारितोषिक, हे सगळं नंतरचं. आधी धोका पत्करायला कोणीतरी तयार झालं.

आणि नायक का काढला जातो, याचं साधं कारण हक्कांचं आहे. स्पायडरमॅनचे चित्रपटहक्क सोनीकडे. २०१५ मध्ये मार्व्हल स्टुडिओजशी करार झाला आणि स्पायडरमॅन तिकडच्या चित्रपटांत दिसायला लागला. सोनीने मग आपल्याकडच्या बाकी पात्रांवर स्वतंत्र चित्रपट काढले, त्यात हे खलनायक. घरचा मालक शेजारी राहायला गेलेला आणि इकडे त्याच्या शत्रूंवर कथा रचायच्या. लेखकाने करायचं तरी काय?

तिसरी_रांग

आता बसून लिहिते.

शाईचा_डाग, तुमच्या मुद्द्याला सगळ्यात जवळचं उदाहरण चित्रपटातलं नाही, कॉमिकमधलंच आहे. मॅग्नेटो, एक्स-मेन या वीरांच्या गटाचा शत्रू. १९६३ मध्ये 'एक्स-मेन'च्या पहिल्याच अंकात आला तेव्हा तो निव्वळ जग जिंकायला निघालेला दुष्ट होता, बाकी काही नाही. १९८१ चा १५० वा अंक घ्या, लेखक क्रिस क्लेअरमॉन्ट. मॅग्नेटो आख्खी पाणबुडी बुडवतो, माणसांसकट. त्याचं त्याला काही वाटत नाही. मग लढाईत त्याच्या हातून एक्स-मेनमधली किटी प्राइड कोसळते. कोवळी पोर, ज्यू घरातली. तिचं निपचित शरीर हातात घेऊन तो थिजतो. तेव्हा त्याच्या तोंडून आउश्वित्झ, त्याने भोगलेली नाझी छळछावणी, बाहेर येतं. आपल्या लोकांना मारणाऱ्यांशी लढता लढता मी स्वतःच एका लेकराला मारलं, हे त्याला उमगतं.

नीट बघा, क्लेअरमॉन्टने आधी मॅग्नेटोचं दुःख दाखवून मग गुन्हा माफ करवला असं केलेलं नाही. आधी गुन्हा, गुन्ह्याचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यातून दुःख. हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं. २००० च्या चित्रपटात छावणीचं दार सुरुवातीलाच येतं, ते दृश्य थोर आहे यात वाद नाही. पण अंकात ते किटीनंतर येतं, आणि म्हणून मला आजही तो अंक जास्त हलवतो. मॅग्नेटो पुढे बरीच वर्षं एक्स-मेनच्या बाजूने उभा राहू शकला त्याचं बी तिथे आहे.

जुनी_पेटी

@तिसरी_रांग काय सुरेख लिहिलंत. क्रमाचा मुद्दा लाखमोलाचा.

याच जातीचं एक माझ्याकडून. बॅटमॅनचा शत्रू मिस्टर फ्रीझ. १९५९ मध्ये तो मिस्टर झीरो नावाने आला, बर्फाची बंदूक घेतलेला एक किरकोळ चोर. १९९२ च्या बॅटमॅन ॲनिमेटेड मालिकेत 'हार्ट ऑफ आइस' हा भाग आला, पॉल डिनीने लिहिलेला, ब्रूस टिमने दिग्दर्शित केलेला. आजारी बायको नोरा, तिला वाचवण्यासाठी गोठवून ठेवलेली, आणि मधे येऊन सगळं उधळून लावणारा मालक. काचेच्या गोळ्यातल्या नाचणाऱ्या बाहुलीशी फ्रीझ एकटाच बोलत बसतो. तेवीस-चोवीस मिनिटांत लहान मुलांच्या मालिकेने हे केलं.

पण त्याच भागात त्याचा स्वतःचा माणूस बर्फाच्या झोतात सापडतो, पाय गोठतात, आणि फ्रीझ त्याला तसाच टाकून निघून जातो. बॅटमॅन त्या माणसाला उचलतो. डिनीने हे वगळलं असतं तरी कथा पुढे गेली असती. वगळलं नाही. म्हणून फ्रीझसाठी डोळे भरतात पण त्याच्या बाजूने टाळी वाजत नाही.

आणि बॅटमॅन तिथे आहे, हेही विसरू नका. खलनायकाची उंची मोजायला नायक शेजारी उभा लागतो.

नीलपंख

सगळ्यांची क्षमा मागून थोडं वेगळं बोलते.

माझ्या धाकट्या भावाला बरीच वर्षं मानसिक आजार आहे. औषधं चालू आहेत, नोकरी करतो, गातो सुंदर. 'जोकर' आम्ही एकत्र पाहिला. सुरुवातीला बसमधलं दृश्य आहे, आर्थरला हसू आवरत नाही आणि तो समोरच्या बाईला एक छोटं कार्ड देतो, त्यावर लिहिलेलं असतं की हा आजार आहे, हसण्याबद्दल क्षमा करा. भावाने त्या वेळी माझा हात धरला. म्हणाला, असं कार्ड माझ्याकडे असतं तर शाळेत कितीदा उपयोगी पडलं असतं. पुढे सरकारी पैसा बंद होतो, आर्थरची औषधं आणि समुपदेशन थांबतं. तिथवर त्याला चित्रपट आपला वाटत होता. आणि नंतर गोळ्या सुटायला लागल्या. बाहेर पडताना तो गप्प होता. रात्री म्हणाला, "ताई, लोकांना आता माझ्याबद्दल असंच वाटणार का?"

शाईचा_डाग, गुन्ह्याला चेहरा हवा हे तुमचं बरोबरच आहे. पण खलनायकाला माणूस करताना त्याला जे दुःख उसनं दिलं जातं, ते कोणाचं तरी खरं असतं. त्या खऱ्या माणसाचाही एक चेहरा असतो. तो प्रेक्षागृहात बसलेला असतो.

शाईचा_डाग

नीलपंख, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गॅरीबद्दल एवढं लिहिलं आणि हे मला सुचलंच नव्हतं. तुम्ही म्हणता ते माझ्या मुद्द्याच्या बाहेरचं नाही, त्याच्याही आधीचं आहे. आजार आणि हिंसा यांची गाठ मारली की खलनायकाला सोपं कारण मिळतं, आणि भावासारख्यांच्या माथी शिक्का बसतो. या बाबतीत चित्रपट चुकला असं मीही आता म्हणेन. भावाला माझा नमस्कार सांगा.

जुनी_पेटी

ताई, म्हणूनच मला जोकरला भूतकाळ देणंच पटत नाही. १९४० मध्ये 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात तो आला तेव्हा त्याला काही पूर्वकथा नव्हती. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये ॲलन मूरने एक दिली, पण जोकरच्याच तोंडून कबूल करून घेतलं की मला माझा भूतकाळ कधी असा आठवतो, कधी तसा. २००८ मध्ये हीथ लेजरचा जोकर तोंडावरच्या व्रणांची गोष्ट दर वेळी वेगळी सांगतो. कारण दिलं नाही, तर कोणाचं दुःख उसनं घ्यावं लागत नाही.

काळा_पोशाख

पण मग तो अँटीहिरो होणारच नाही. खलनायकच राहील.

जुनी_पेटी

राहू दे की. प्रत्येकाला बढती कशाला हवी?

अर्धविराम

'मॉर्बियस'चं कोणीच नाव घेतलं नाही म्हणून. १९७१ मध्ये कॉमिक्स कोडचे, म्हणजे कॉमिकमध्ये काय दाखवायचं यावरच्या बंधनांचे, नियम सैल झाले, रक्तपिपासू पिशाच्च दाखवायची मुभा मिळाली, आणि रॉय थॉमस व गिल केन यांनी मॉर्बियस आणला. डॉक्टर, ज्याला जगायला माणसाचं रक्त लागतं. यापेक्षा तयार अँटीहिरो कोणता? २०२२ च्या चित्रपटात तो पहिल्या भरात मारतो ते सगळे बंदूकधारी भाडोत्री. नावं नाहीत, घरं नाहीत. रक्त पिण्याची लाज वाटायला समोर माणूसच ठेवला नाही.

कोरा_कागद

+१. 'ब्लॅक ॲडम' (२०२२) मध्येही तेच. मारलेले सगळे हत्यारबंद आणि बिननावाचे. १९४५ मध्ये फॉसेट या प्रकाशनाच्या अंकात आला तेव्हा तो सत्तेने बिघडलेला पहिला वीर होता. शाझॅम या शक्ती देणाऱ्या जादूगाराने ज्याच्यावर विश्वास टाकला आणि पस्तावला, असा. पुढे '५२' या कॉमिक मालिकेत (२००६-०७) बायको आणि मेव्हणा गमावल्यावर तो बियाल्या देशात कत्तल करतो. भयंकर आहे, पण त्या कत्तलीनंतर वाचक त्याच्याकडे पूर्वीसारखा बघू शकत नाही, तरी त्याच्या दुःखाला खोटं म्हणता येत नाही. चित्रपटात शक्ती मुळात मुलाची निघते, मुलगा बापाला वाचवताना मरतो, बाप सूड घेतो. म्हणजे बाप रागावला एवढाच काय तो दोष. बापाच्या रागाला कोण नाव ठेवणार?

अर्धविराम

आता मला अडचण दिसतेय ती मांडतो. शाईचा_डाग यांचा सिद्धांत खरा असेल तर 'जोकर'चा २०२४ चा दुसरा भाग लोकांनी डोक्यावर घ्यायला हवा होता. त्यात गॅरी परत येतो. कोर्टात साक्षीला उभा राहतो. आर्थरने वकील काढून टाकलाय, तो स्वतः जोकरच्या रंगात गॅरीची उलटतपासणी घेतो. आणि गॅरी सांगतो की एकटा तूच माझी कधी चेष्टा केली नाहीस, आणि आता मला तुझी भीती वाटते. गुन्ह्याला चेहरा, अगदी तुम्ही म्हणता तसा. पुढे आर्थर कोर्टात कबूल करतो की जोकर वगैरे कोणी नाही, खून मीच केले. आणि लोकांनी पाठ फिरवली. पहिल्याच्या तुलनेत कमाई पाचव्या हिश्शावर आली. यावर काय म्हणाल?

शाईचा_डाग

अर्धविराम, हा प्रश्न मला स्वतःलाही छळतोय, त्यामुळे उत्तर देतो ते पक्कं समजू नका.

एक तर त्या चित्रपटात गाणी, प्रेमकथा, तुरुंग असं बरंच काही होतं, लोक कशाने कंटाळले ते वेगळं काढता येत नाही. पण मुख्य कारण मला असं वाटतं की पहिल्या भागात साखळीचा प्रसंग होता, तसाच जिन्यावरचा नाचही होता. जिन्यावर आर्थर रंगीत सूट घालून मुक्त होतो, आणि लोकांनी तो जिना घरी नेला. साखळी तिथेच राहिली. दुसऱ्या भागाने साखळीचा हिशेब मागितला तेव्हा लोकांना तो अन्याय वाटला.

आगगाडीतले तीन खून आठवा. पहिले दोन झटापटीत होतात, तिघं मिळून याला लाथा घालत असतात. तिसरा जखमी होऊन लंगडत पळतो आणि आर्थर त्याच्या मागे जाऊन त्याला जिन्यावर गोळ्या घालतो. मी मित्रांना विचारलं, किती जणांना मारलं स्वसंरक्षणात? सगळे म्हणाले, तिघांना. तिसरा कोणाच्या लक्षातच नव्हता. दिग्दर्शकाने दाखवलं होतं, स्पष्ट दाखवलं होतं.

म्हणजे चेहरा दाखवून पुरत नाही. तो सुरुवातीपासून आपल्या ओळखीचा असावा लागतो. तिसरा माणूस अनोळखी होता, उद्धटही होता, म्हणून आपण त्याला विसरलो.

तिसरी_रांग

पनिशरचंही, म्हणजे गुन्हेगारांना स्वतःच ठार मारत सुटणाऱ्या त्या कवटीच्या खुणेवाल्याचंही, हेच झालं ना? १९७४ मध्ये तो स्पायडरमॅनला ठार मारायला निघालेला म्हणून आला होता. लेखक जेरी कॉनवे. पुढे त्याची कवटी खऱ्या पोलिसांच्या गाड्यांवर दिसायला लागली, तेव्हा कॉनवेने जाहीर नाराजी व्यक्त केली. २०१९ च्या अंकात तर पनिशर स्वतःच पोलिसांच्या गाडीवरचं कवटीचं स्टिकर फाडून टाकतो. निर्मात्यांना पात्राच्याच तोंडून चाहत्यांना सांगावं लागलं की मला आदर्श मानू नका.

कोरा_कागद

ओळखीचा चेहरा हवा, यावर एकच उदाहरण देतो. चित्रपट नाही, मालिका आहे, पण चालेल ना? 'द पेंग्विन', २०२४, आठ भाग, कॉलिन फॅरेल.

व्हिक्टर नावाचा पोरगा, बोलताना अडखळणारा, घरचे पुरात गेलेले. ऑझ, म्हणजे पेंग्विन, त्याला मारणार असतो, मग हाताशी धरतो. आठ भाग आपण त्या पोराबरोबर जगतो. तो धीट होत जातो, त्याचं बोलणं मोकळं होतं. शेवटच्या भागात दोघं नदीकाठी बाकावर बसलेत, सगळं जिंकून झालंय. व्हिक्टर म्हणतो, तू मला घरच्यासारखा आहेस. आणि ऑझ त्याचा गळा दाबतो. कारण घरचं माणूस म्हणजे दुबळेपणा.

त्याआधी ऑझच्या बालपणाचं, आईच्या स्मृतिभ्रंशाचं, पायाच्या व्यंगाचं सगळं दाखवून झालेलं असतं. मीही त्याच्या बाजूला झुकलो होतो. त्या बाकावर मला माझ्या झुकण्याची लाज वाटली. इथे ना बॅटमॅन आहे, ना कोणी जास्त वाईट माणूस आणून ऑझला बरं ठरवलंय. नायक नसताना लेखकाने करायचं काय, हे मीच वर विचारलं होतं. उत्तर तिथे होतं. एक व्हिक्टर लिहायचा, आणि त्याला पूर्ण वेळ द्यायचा.

काळा_पोशाख

'पेंग्विन' पाहिलेला नाही, शेवट कळला तरी बघणार. आणि खरं सांगतो, हे वाचून 'व्हेनम'बद्दल एक गोष्ट टोचायला लागली. एडी आपल्या होणाऱ्या बायकोच्या संगणकातून गुप्त कागद चोरतो, त्यामुळे ॲनची नोकरी जाते. हा त्याचा खरा गुन्हा, आणि तिला चेहरा आहे. चित्रपटाकडे सगळं होतं हाताशी. दोन-तीन प्रसंगांत ते मिटवून टाकलं. तिने त्याला आणखी थोडा वेळ माफ केलं नसतं तर?

शाईचा_डाग

काळा_पोशाख, हे मी दोनदा पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. बरोबर. ॲन हीच त्या चित्रपटाची मेरी जेन होती.

नीलपंख

भावाला हा धागा वाचून दाखवला. दुसरा 'जोकर' त्याने मुद्दाम पाहिला नव्हता, मीही नाही. गॅरीच्या साक्षीबद्दल ऐकून म्हणाला, तेवढं तरी बघू या. शनिवारी दोघं बसतोय. गाणी आहेत म्हटल्यावर तो जरा खूशही झालाय.

शाईचा_डाग

मीही शनिवारी पुन्हा लावतो. साक्ष साधारण मध्यानंतर आहे, घाई करू नका. पाहून झालं की भाऊ काय म्हणाला ते इथे नक्की लिहा, त्यांची हरकत नसेल तर.